डिकीतला गाळ

शनिवार, दिवेलागनीला

दादानं आज नगरहून जुनी पन महागातली गाडी आनली. एक दिवस चालवून बघायला दिलीय. सही उद्या, आन बदल्यात आपली जीप द्यायची. त्या जीपवर घर चालतं आमचं. पन ह्यानं आजच नारळ फोडला, गल्लीत पेढे वाटले.

विकनारा म्हनला, "डॉक्टरची गाडी हाय, दवाखाना ते घर एवढीच फिरली." मग आत एवढा सेंट कशाला मारलाय?

मी पुसायला घेतली. डिकीतली स्टेपनी उचलली तर खाली गाळ, वाळून भेगा पडलेला. धूळ न्हवती ती. दर उन्हाळ्यात आमी तळ्यातला गाळ वावरात टाकतो, मला गाळ कळत न्हाई व्हय? पानी लावून चोळला, तसाच चिकट, तोच वास. ही गाडी पुरात बुडालेली हाय.

दादाला म्हनलं, तर गल्लीतल्या पोरांसमोर हसला. "शाळा सोडलेल्या म्याडम इंजिनेर झाल्या!"

आई म्हनली, "नारळ फुटलाय, आता वंगाळ बोलू नगं."

नारळानं इंजिन सुकतं का?

का मीच चुकतीय? पन मग सेंट कशाला?

चारचौघात मला बोलता येत न्हाई. गाळाचा एक खडा कागदात बांधून ठेवलाय. उद्या सहीला जायच्या आदी दादाला चहा मीच देनार. बशीत खडा ठेवनार, आन तो वर बघस्तवर तिथनं हलनार न्हाई.