ओसरीवरचा पांढरा दिवा

मी, दोमितिला पेन्या, कै. एलादियोची बायको, राहणार हिबारा, क्युबा, समुद्राकडची गल्ली, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्र गुडघ्यांनी लिहीत नाहीत. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही, आणून बघावाच.

१. घर नात यामिला हिला, पोटातल्या जीवासकट. माझा मुलगा मियामीहून फोनवर गोड बोलतो; त्याला आशीर्वाद पुरेत.

२. पुढची खोली बाळाची. मात्र पाळणा बांधण्याआधी माझी धाकटी बहीण सेनाइदा हिने आपली निळी बाटली घराबाहेर काढलीच पाहिजे. का, ते इथेच लिहिते. माझ्यामागे ती भलतंच सांगेल.

सरकारची पोरं घरोघर फिरून पिवळे बल्ब काढून वेटोळ्या नळीचे पांढरे दिवे लावून गेली, तेव्हाची गोष्ट. एलादियोची होडी त्याआधीच बुडाली होती. तो सापडला नाही. त्याच्यासाठी मी ओसरीवर पिवळा बल्ब जळत ठेवायचे. पांढरा लागल्यापासून तो स्वप्नात दारापर्यंत यायचा, भिजलेले बूट हातात घेऊन. वर बघायचा, "माफ करा, घर चुकलं," म्हणायचा आणि धुक्यात चालू लागायचा.

हे मी सेनाइदाला सांगितलं, तिथेच चुकलं. दिव्यात पारा असतो असं तिने ऐकलं होतं, आणि उंबऱ्यावर पारा ठेवला की हरवलेलं माणूस परततं असं आमच्याकडे मानतात. तिने पुढच्या खोलीचं दार लावून तिथला दिवा फोडला. पारा दिसेना म्हणून केरसुणीने झाडलं, वर पंखा सोडला. तान्ही यामिला तिथेच निजलेली. मी दार ढकललं तर पोर खोकतेय आणि ही सुपलीत पांढरी भुकटी घेऊन उभी.

"अगं बये, हे काय?"

"ताई, भाऊजींसाठी."

"त्यांना बोलावतेस, की पोरीला त्यांच्याकडे धाडतेस?"

पोर वाचली. भुकटी सेनाइदाने निळ्या बाटलीत भरून देवापाशी ठेवली. तेव्हापासून अबोला; यामिला बोलू लागली तशा आम्ही तिच्यामार्फत बोलतो. "आजीला सांग, कॉफी उतू जातेय." "मावशीआजीला सांग, मला नाक आहे."

३. दिवा वाईट नाही. वीज कमी खातो, आणि पिवळ्यासारखा माणसाला भाजून काढत नाही. फक्त त्याला काच आहे हे विसरू नये. गार झाल्यावर, खालच्या प्लास्टिकला धरून काढावा; नळी पिळू नये. फुटलाच तर पोरं बाहेर, खिडक्या उघड्या, पंखा बंद. हवा खेळली की पुठ्ठ्याने तुकडे उचलावेत, चिकटपट्टीने भुकटी टिपावी, झाकणाच्या बरणीत घालावी. केरसुणी नको. बरणी असला कचरा वेगळा घेतात तिथे द्यावी, गल्लीच्या ढिगावर नाही. तिथे पोरं खेळतात.

४. एलादियोचं जाळं शेजारी ओर्फेलिओला. माझा कोयता त्याच्याकडेच आहे, तोही राहू दे. मेल्यावर मागायला येणार नाही, असं मात्र त्याने धरून चालू नये.

५. मागची खोली सेनाइदाची, ती जिवंत असेपर्यंत. ओसरीवरचा दिवाही तिचाच.

कारण परवा स्वप्नात एलादियो पुन्हा आला. वीज नुकतीच परतली होती. तो जुना दिवा लावल्या लावल्या फुलत नाही. आधी मंद, पिवळसर, मग हळूहळू दुधाळ. एलादियो त्याखाली थांबला, बूट खाली ठेवले, म्हणाला, "उजेड चढू दे." तेवढ्या वेळात त्याने घर ओळखलं. दार सेनाइदाने उघडलं. मला राग आला नाही, याचाच राग आला.

तेव्हा रोज सांजेला दिवा तिनेच लावायचा. बटण दाबून आत पळायचं नाही, पुरता उजळेपर्यंत उभं राहायचं. मीही त्याच वाटेने येणार आहे. मला घर चुकलेलं चालणार नाही.

सही करण्याआधी जोडलेलं: नोटरीबाईंनी हे वाचून दाखवलं तेव्हा सेनाइदा दाराआड होती. ती गेली, निळी बाटली आणून ओसरीच्या पायरीवर, घराबाहेर ठेवली. मग माझ्यापुढे येऊन उभी राहिली. यामिला मध्ये नव्हती.

"ताई, भाऊजी थांबले होते?"

"थांबले होते."

कलम २ ची अट पुरी झाली, असं धरावं.

सही: दोमितिला पेन्या
साक्षीदार: ओर्फेलिओ बातिस्ता (कोयता मान्य), मिग्दालिया सेरा
हिबारा, मार्च २०२५