कॅसेट लोड होईपर्यंत

अल मनखूल, दुबई
नोव्हेंबर २००२

प्रिय विघ्नेश,

अबूधाबी काही सातासमुद्रापार नाही रे. पण फोन केला की तू मीटिंगमध्ये, आणि बाबांच्या डोक्यातल्या गाठीबद्दल घाईघाईत काय सांगू? म्हणून लिहितेय. सोमवारी ऑपरेशन आहे. खालचा रफिक उद्या तिकडे यायचाय, त्याच्याच हाती हे पत्र देते.

रफिकवरून आठवलं. तुम्ही लहान असताना त्याच्याकडे व्हिडिओ गेम आला होता, कार्ट्रिज खुपसली की यल्ला, सुरू! बिल्डिंगमधल्या सगळ्या पोरांना तोच हवा, तुलाही. आणि आपले बाबा घेऊन आले टीव्हीला जोडायचा कॉम्प्युटर, बटणांवर इंग्रजीशेजारी अरबी अक्षरं. खेळही होईल, अभ्यासही होईल, म्हणे. काय खूश होते ते! तू मात्र रडून घर डोक्यावर घेतलंस. 'धिस इज होमवर्क, बाबा' म्हणालास आणि तडक खाली रफिककडे गेलास.

आपल्या कॉम्प्युटरचे गेम कॅसेटवर असायचे. टेप लावायची, मग ती कानठळ्या बसवणारी किरकिर, आणि गेम लोड होईपर्यंत बराच वेळ नुसतं बसून राहायचं. मध्येच मी मिक्सर लावला की खलास, पुन्हा पहिल्यापासून. साइटवरून आले की बाबा बूट काढायच्या आधी कॅसेट लावायचे. तू वर येशील तेव्हा गेम तयार हवा, तुला थांबावं लागू नये. दोन जॉयस्टिक आणल्या होत्या त्यांनी. हाक मारू का विचारलं की म्हणायचे, नको, खेळू दे, आपणहून येईल. तू यायचास तो थेट जेवायला. मग ते टीव्ही बंद करायचे. मला तुझा राग यायचा आणि ह्यांचाही.

ते मशीन केव्हाच भंगारात गेलं. पण बाबांना आता कुठलं साल चाललंय तेच कळत नाही. संध्याकाळ झाली की म्हणतात, सुजाता, कॅसेट लाव, मिक्सर नको लावूस. मी मेली खोटंच सांगते, लावली म्हणून. ऑपरेशननंतर माणसं ओळखतील का, विचारलं, तर डॉक्टर नुसतं इन्शाल्ला म्हणाले. मला फार भीती वाटते रे.

आणि काल बाबा म्हणाले, गेम तयार आहे, त्याला हाक मार. इतक्या वर्षांत हे कधी म्हणाले नव्हते. म्हणून ही हाक मारतेय, बाळा. सोमवारच्या आत वर ये.

तुझीच,
आई