वाकलेल्या तारेचं माप

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार.

पत्र लिहायला चार महिने लावले, हे आधीच कबूल करतो. कागद आणला तेव्हा पेन हरवलं. पेन सापडलं तोवर त्याच कागदाची पुडी करून मी तिच्यात स्क्रू ठेवले होते. तुमची पाठ कशी आहे? मामींचा माझ्यावरचा राग कसा आहे? (दोन्ही दुखणी जुनीच, म्हणून एकदम विचारतो.)

सध्या मी ग्रिल आणि कठडे बनवणाऱ्या दुकानात आहे. मिस्त्री भला माणूस. बोलतो कमी, ठोकतो जास्त (लोखंडाला).

आता मुद्दा. लाज वाटते, पण तुम्ही जन्मभर दवाखान्यात कंपाउंडर होतात, तुम्हाला काय नवं? माझं लिंग वाकलंय. जन्मापासून नव्हे. दीड वर्षापूर्वी आत एक कडक चट्टा आला, दुखू लागलं, आणि मग ताठ झालं की डावीकडे वळू लागलं. डॉक्टरांनी विचारलं, कधी मार लागला होता का? मी आठवून सांगू लागलो: ट्रकच्या फळीवरून पडलो ते, बोटीवर दोर लागला ते, त्या बोटीवरचा स्वयंपाकी एका हाताने कांदे कसे सोलायचा ते... डॉक्टर म्हणाले, "स्वयंपाकी राहू दे."

वाक वाढायचा थांबल्याशिवाय ऑपरेशन करत नाहीत म्हणाले. थांबलो, तोही थांबला. मग म्हणाले, किती वाकतं त्याचा घरी फोटो काढून आणा. माझ्या फोनचा कॅमेरा फुटलेला, आणि दुसऱ्याचा फोन मागायचा कोणत्या तोंडाने? म्हणून धंद्याची रीत वापरली. जाड तार घेतली आणि बरोब्बर माप उतरवलं. खिशात टोचत होती, म्हणून दुकानात खिळ्याला अडकवली. तिथेच घोळ झाला. आमच्याकडे खिळ्यावरची तार म्हणजे गिऱ्हाइकाचं माप. दिसलं की काम सुरू. मी जेवून परततो तो काय, मिस्त्रींनी त्या मापाचे चौदा आकडे वाकवून, घासून, रंग देऊन वाळत टाकलेले! "कुणाचं काम रे?" मी म्हटलं, "कोपऱ्यावरच्या हॉटेलचं. टोप्या अडकवायला." एक आकडा त्यांनी आमच्याच भिंतीत ठोकला. तेव्हापासून माझा डबा रोज माझ्याच मापाला लटकतो.

डॉक्टरांनी तारेला कोनमापक लावलं. "साठ अंश," म्हणाले, आणि खोकल्याचं निमित्त करून हसले. मग दोन रस्ते सांगितले. लांब बाजूला टाके घालून ती आखडायची: सरळ होतं, पण लांबी थोडी जाते. किंवा आखूड बाजूचा चट्टा चिरून ठिगळ लावायचं: लांबी टिकते, पण ताठरपणा कमी व्हायची भीती जास्त. मी टाक्यांना हो म्हणालो. घरी आल्यावर ठिगळ बरं वाटलं. जेवल्यावर पुन्हा टाके. आता तर लांब बाजू कुठली, आखूड कुठली, तेच कळेना. तारेवर बघायला गेलो, तर अर्धा तास मी ती उलटी धरली होती.

बाकी सर्व ठीक. काळजी नसावी.

आपला भाचा

ता. क. काळजी असावी. ऑपरेशन गुरुवारी सकाळी आठला आहे. सही करायला आणि सोबत थांबायला घरचं माणूस हवं, नाहीतर खाट दुसऱ्याला देतील. तुम्ही याल का? आईला सांगू नका. गेलं दीड वर्ष तुम्ही लग्नाचा विषय काढलात की मी गाव बदलायचो, त्याचं कारण हेच होतं. मुलींमध्ये काही खोट नव्हती.

ता. क. २. आज बुधवार. हे पत्र तुम्हाला शनिवारी मिळेल, हे आत्ता लक्षात आलं.

ता. क. ३. दारात मिस्त्री उभे आहेत! इस्त्रीचा शर्ट, बगलेत चादर, हातात तो आकडा. उरलेले आकडे आज हॉटेलात पोचवायला गेले होते, तिथे कुणी काही मागवलंच नव्हतं. मग माझ्या डब्याखाली डॉक्टरांचा कागद सापडला. म्हणाले, "गाढवा, आधी सांगितलं असतंस तर एकच बनवला असता." आणि म्हणाले, टाकेच घाल, ठिगळाचा भरवसा नाही. सहीपुढे नातं काय लिहायचं विचारतायत. मी 'मामा' सांगितलंय. रागावू नका.