दारासमोरच्या अकरा जणी

७ जानेवारी

ती. मामास,
कृ. सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही म्हणून पत्र, नाहीतर एवढा प्रश्न मी एका दमात विचारून टाकला असता. आईला कपड्यांच्या कारखान्यात वीस वर्षं झाली. त्याबद्दल जे काही मिळालं त्यातून ती मला एक वस्तू घेऊन देणार आहे. एकच. चांगला फोन, की कॅमेरा?

दुकानदार म्हणाला, की कॅमेरे आता लग्नवाल्यांनाच लागतात, फोन घ्या आणि सुखी व्हा. आई म्हणते, की फोन निदान घराच्या उपयोगी पडेल, कॅमेऱ्यावरून कुणाला हाक मारता येते का? पण शेवटी तीच म्हणाली, दादा म्हणेल ते. माझ्या जुन्या फोनवरचे फोटो पाहून तुम्ही नाक मुरडलं होतंत, ते मी विसरलेले नाही. चाळीस वर्षं स्टुडिओ चालवलात, आता निकाल द्या.

आईचे गुडघे तसेच. दिवसभर इस्त्रीपाशी उभं राहायचं, दुसरं काय होणार!

रागावलात तरी माया आहे तेवढीच ठेवा.

तुमची भाची


१५ जानेवारी

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

कॅमेरा घे. खरं म्हणजे पत्र इथेच संपलं, पण तू एवढ्यावर ऐकणारी नव्हेस.

अंधाऱ्या खोलीत फोन अंदाजपंचे काहीतरी रंगवून देतो. चांगली लेन्स जे आहे ते दाखवते. पण खरं कारण वेगळंच आहे. हातात फोन असला की तू फोटो काढते आहेस की निरोप वाचते आहेस, हे समोरच्याला कळत नाही. कॅमेरा डोळ्याला लावलास की कळतं. मग तो तोंड तरी फिरवतो, नाहीतर नीट उभा तरी राहतो. त्याला विचारावं लागतं. त्या विचारण्यातच सगळं आहे, पोरी. लांबून ओढून घेणारी लेन्स मागू नकोस. जवळ जा. धीट हो.

कानाचं यंत्र आणलं होतं. लावलं की फक्त तुझी मामीच ऐकू येते, म्हणून डबीत ठेवून दिलं.

आईला म्हणावं, निकाल लागला, आता अपील नाही.

तुझा मामा


२२ एप्रिल

ती. मामास,
कृ. सा. न. वि. वि.

मामा, तुमचं शंभर टक्के खरं निघालं! आईचा डबा द्यायच्या निमित्ताने मी कारखान्यात जाते आणि जेवणाच्या सुट्टीत इस्त्रीवाल्यांचे फोटो काढते. पहिल्या दिवशी सगळ्या लाजून पळाल्या. मी विचारत राहिले. तिसऱ्या दिवशी त्याच मला बोलवायला लागल्या.

त्यांच्यात एक सगळ्यांत जुनी बाई आहे, तिला कॅप्टन म्हणतात. मॅनेजरसुद्धा तिला अहो-जाहो करतो. त्या खोलीचं मागचं दार म्हणजे आग लागली तर बाहेर पडायची वाट, पण त्याला बाहेरून-आतून कुलूप आणि पुढ्यात कापडाचे गठ्ठे छातीपर्यंत. कॅप्टन म्हणाली, की आमचा फोटो काढायचाच तर या दारापुढे काढ. अकरा जणी उभ्या राहिल्या, आई अगदी कडेला. खिडकी एकच, उजेड नावाला. तरी, आई तेवढी हलली ती सोडून, प्रत्येकीचा चेहरा असा आलाय, की पापण्या मोजाव्यात! कुलपावरचा आकडासुद्धा वाचता येतो.

शहरातल्या वर्तमानपत्राला तो हवा आहे. मी अकराही जणींना विचारलं. आई थोडी कां-कूं करत होती, पण कॅप्टन म्हणाली, की छाप गं, आम्ही काय चोऱ्या केल्यात? पुढच्या रविवारी येईल. तुमच्यासाठी एक प्रत वेगळी पाठवते.

आशीर्वाद आहेतच, तरी आणखी थोडे पाठवा.

तुमची भाची


९ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुला दोष द्यायचा नाही, असं ठरवून लिहायला बसले, पण देते आहे. दुसऱ्या कुणाला देऊ?

फोटो छापून आल्यावर दार उघडलं. गठ्ठे हलवले, सरकारी साहेब लोक येऊन पाहून गेले, आम्ही बायका दोन दिवस हवेत होतो. मग मॅनेजरने तोच फोटो मोठा करून टेबलावर पसरला आणि चेहऱ्यावर बोट ठेवून एकेकीला आत बोलावलं. दहा जणींना त्याच दिवशी घरी पाठवलं. कॅप्टनला सगळ्यांत आधी.

मला बोलावलंच नाही. फोटो काढताना मागून कुणीतरी हाक मारली म्हणून मी मान वळवली होती. माझा चेहरा पुसल्यासारखा आलाय. ती मी आहे, हे त्याला कळलंच नाही; फोटोखाली पोरीचं नावही नव्हतं. मी आत जाऊन सांगायला हवं होतं, की अकरावी मी. दारापर्यंत गेले, दादा, आणि परत येऊन इस्त्री हातात घेतली. घरात दुसरं कमावणारं कोण आहे?

आता वस्तीत म्हणतात, की हिला आधीच माहीत होतं, म्हणून हिने तोंड फिरवलं. पोरीचा फोटो, आईची नोकरी शाबूत, लोक आणखी काय समजणार? नळावर मी गेले की बोलणं थांबतं. शेजारीण म्हणाली, की साध्या फोनने काढला असता तर त्या उजेडात कुणीच ओळखू आली नसती. खरं-खोटं तुला ठाऊक.

पोर जेवायला बसते, दोन घास खाते, उठते. मी कामावर राहिले म्हणून ती माझ्याकडे बघत नाही, की स्वतःची लाज वाटते म्हणून, तेही कळत नाही. आठवड्याने दाराला पुन्हा कुलूप लागलं. गठ्ठेही आले जागेवर.

तिला चार शब्द लिही. कॅमेऱ्याबद्दल नको.

तुझी धाकटी


१८ जून

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

आईने कॅमेऱ्याबद्दल लिहू नको म्हटलंय, पण दुसरं काही सुचत नाही. तू पाठवलेला फोटो मी भिंग लावून पाहिला. तसा एकही मला उभ्या जन्मात जमला नाही.

तुला एक सांगायचं राहिलं होतं. चाळीस वर्षांत मी स्टुडिओबाहेर पाऊल टाकलं नाही. लोक नटूनथटून यायचे, स्टुलावर बसायचे, मी हनुवटी वर करायला सांगायचो. माझ्या फोटोने कुणाचं भलं झालं नाही, तसं वाईटही झालं नाही. आणि मी तुला लिहिलं, जवळ जा, धीट हो. जे धाडस मी एकदाही केलं नाही, ते तुला करायला लावलं. पत्रात धाडस सांगायला काय जातं?

तू विचारलं होतंस, त्यांनी हो म्हटलं होतं. यात तुझं चुकलं कुठे, ते मला दाखवता येत नाही. म्हणून मनातून जाईल, असंही म्हणवत नाही. आईवर मात्र रागावू नकोस. कॅमेरा विकायचा तर वीक, ठेवायचा तर ठेव. आता माझ्याकडे सल्ला नाही.

उत्तर आलं नाही तरी मी लिहीत राहीन.

तुझा मामा


३० सप्टेंबर

ती. मामास,
कृ. सा. न. वि. वि.

तुमची तिन्ही पत्रं मिळाली.

बाजारातल्या एका दुकानात मी ओळखपत्राचे फोटो काढते. पांढरा पडदा, एक स्टूल. आई कामावर जाते. आम्ही दोघी भाजीबद्दल, नळाबद्दल बोलतो. दार बंदच आहे.

काल कॅप्टन आली. मी तिथे आहे हे तिला ठाऊक नव्हतं. मला पाहून ती मागे वळेल असं वाटलं, पण आत येऊन बसली. तिने चार कारखान्यांत काम मागितलं, प्रत्येक फाटकावर तोच फोटो येऊन पोचलेला. चेहरा जुळवतात आणि नाही म्हणतात. आता ती स्वतःच्या भाचीच्या नावाने अर्ज करणार आहे. ती म्हणाली, की त्या फोटोतली वाटणार नाही, असा एक काढून दे.

मामा, मी काढला. तिचे केस दुसऱ्या बाजूला वळवले, दुकानातला चष्मा लावला. दिवा अगदी तोंडावर आणला. तरी ती तीच दिसत होती. मग कॉम्प्युटरवर बसून मी तिच्या कपाळावरच्या रेघा काढल्या, गालावरचा डाग काढला, डोळ्यांखालचं सगळं पुसलं. ती शेजारी उभी राहून बघत होती, मधूनमधून सांगत होती, अजून थोडं.

झाल्यावर तिने फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. म्हणाली, की छान आहे, ही बाई कोण ते मला ठाऊक नाही, पण हिला काम मिळेल.

मामींना नमस्कार. मला विसरू नका, एवढंच मागणं.

तुमची भाची