मागची पायरी

प्रिय धाकट्या,

बाबा तुला एकदा म्हणाले होते, "राग आला की आधी हात धू, मग कागदाला हात लाव." तू तेव्हा दहा वर्षांचा असशील. मी न विचारता तुझी सायकल नेली होती, म्हणून तू चिडून माझ्या हातातली छापील पानांची घडी ओढलीस आणि ती मधोमध टरकन फाटली. बाबांनी तुझ्यावर हात उगारला नाही. तुला मागच्या दाराच्या नळाखाली नेलं आणि साबण हातात दिला. त्यांची पक्की समजूत होती की राग खळीसारखा बोटांना चिकटतो आणि पुस्तकात उमटतो. पुढे ती आपल्या पुस्तकबांधणीच्या कारखान्याची रीतच झाली. कोणी ओले हात घेऊन आत आलं की बाकीचे आपोआप दोन पावलं मागे सरायचे.

गेले एकशे चार दिवस मी दिवसातून वीस-वीस वेळा हात धुते आहे. बोटांची सालं निघाली. शिवण घालणाऱ्या मावशी अजून खिडकीपाशीच बसतात, तोच चष्मा, तोच दोरा आणि तीच जीभ. त्या म्हणतात, "अशीच धूत राहिलीस तर रेषा पुसल्या जातील गं बाई, मग तुझं भविष्य बघायचं कुठे?"

मी सिगारेट सोडली आहे. हसू नकोस. मला माहीत आहे की तू ही ओळ दोनदा वाचणार. चोवीस वर्षं जी बाई जेवण विसरली पण माचिस विसरली नाही, तिने सोडली. तुला आधी कळवलं नाही, कारण जमेल याची खात्री नव्हती, आणि तुझ्यासमोर तोंडघशी पडायची माझी तयारी नव्हती.

पहिले तीन दिवस मी फुशारकीवर काढले. चौथ्या दिवशी फुशारकी संपली. सकाळचा चहा झाला की हात आपसूक खिशाकडे जायचा, आणि खिसा रिकामा आहे हे कळल्यावर जे पोटातून वर यायचं त्याला मी अजून नाव देऊ शकले नाही. भूक म्हणावी तर पोट भरलेलं. भीती म्हणावी तर समोर फक्त पुठ्ठ्यांची चळत. ती लाट किती वेळ टिकते ते मी मोजलं. पुस्तकं दाबायचा शिकंजा पूर्ण उघडून पुन्हा पूर्ण आवळायला जेवढा वेळ लागतो तेवढाच. म्हणून लाट आली की मी रिकामा शिकंजा फिरवत बसायचे. मावशींनी विचारलं, हवा दाबतेयस का? घडी दाबायची बाबांची हाडाची पट्टी मी दातांत धरायचे, तिच्यावर आता माझ्या दातांच्या खुणा आहेत. मग गाजराचे तुकडे आणून ठेवले, तर मावशी म्हणाल्या की वाघाचा ससा झाला म्हणायचा. मी त्यांच्यावर खेकसले. बाबांच्या वेळेपासून असलेल्या बाईवर, धाकट्या. त्यांनी सुई खाली ठेवली नाही की माझ्याकडे पाहिलं नाही, नुसतं नळाकडे बोट दाखवलं.

अकराव्या दिवशी मात्र हात धुवायचे राहिले. एका संशोधक मुलीच्या प्रबंधाच्या सहा प्रती त्या दुपारी द्यायच्या होत्या. फोनवर कोणाशी तरी माझं वाजलं होतं, त्याच तिरमिरीत मी तशीच टेबलापाशी आले, खळ लावली आणि पानांचा गठ्ठा कव्हरात बसवून दाबून टाकला. ती मुलगी आली. तिने वरची प्रत उघडली आणि तिच्या आयुष्याची पाच वर्षं तिच्या समोर डोक्यावर उभी होती. कव्हर सुलटं, आतली पानं उलटी. आपल्या घराण्यात ही चूक कोणी केली नव्हती. तूसुद्धा नाही, आणि तू तर पुठ्ठा कापायचा कंटाळा करून पळूनच गेलास. यावर मी काय केलं असेल? माफी मागितली नाही. तिला म्हणाले, "उलटं धरून वाचा, म्हणजे सुलटं दिसेल."

तिने ती प्रत मिटून छातीशी धरली. मी तडक मागच्या पायरीवर जाऊन बसले. आपल्या पायरीवर, जिथून चार पावलांवर कोपऱ्यावरचं दुकान दिसतं. मी उठले होते रे. तुला खरं सांगते, मी दुकानाकडे चालायला लागले होते. मागून मावशींचा आवाज ऐकू आला. त्या मुलीला बसवून चहा देत होत्या आणि सांगत होत्या की मालकीणबाई सिगारेट सोडतायत, त्यांचं मनावर घेऊ नका, आठवड्याभरात माणसात येतील. त्यावर ती मुलगी म्हणाली, "आमच्या बाबांनी सोडली तेव्हा आईने आम्हा भावंडांना पंधरा दिवस आत्याकडे ठेवलं होतं. खरं तर बाबांनाच पाठवायला हवं होतं. घर आमचं होतं."

मी तिथेच थांबले. मग वळले आणि हात धुतले. त्या मुलीसमोर बसून उलटी प्रत सोडवली, ओल्या फडक्याने खळ मऊ करत, गठ्ठा कव्हरापासून सुटा करत, एकही पान न फाडता. दोन तास लागले. ती बघत होती. निघताना म्हणाली की खराब झालेलं ते कव्हर मला द्याल का, आठवण म्हणून ठेवते. माफ कसं करावं हे मला तेव्हा तिच्याकडून कळलं.

राग ओसरत गेला. पण रागाच्या खाली काय असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तेविसाव्या दिवशी मी एका जुन्या शब्दकोशाचा कणा सोलत होते. आत मजबुतीसाठी चिकटवलेल्या कागदाच्या पट्टीवर बाबांच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलेलं होतं, 'घट्ट ओढू नये.' स्वतःसाठीच लिहिलेली खूण असणार. आणि मला रडू फुटलं. हुंदके नाहीत, आवाज नाही, नुसतं पाणी. ते थांबेना. चहाच्या वेळेपर्यंत रडले. मावशींनी शिवणीतला दोरा दातांनी तोडला आणि म्हणाल्या, उशीर झाला जरा, पण आलं एकदाचं. मी विचारलं, काय आलं? त्या म्हणाल्या, तुझे बाबा गेले तेव्हा तुम्ही दोघं भावंडं पायरीवर धूर काढत बसलात, लोकांना वाटलं दगडाची पोरं आहेत.

आता तो दिवस लिहायलाच हवा. मी तो चोवीस वर्षं लिहिला नाही आणि आपण तो कधी बोललोही नाही. पुढच्या खोलीत माणसं जमली होती. तू सतरा वर्षांचा, मागच्या पायरीवर गुडघ्यात डोकं घालून रडत होतास. इतकं रडत होतास की मला वाटलं तू आता श्वास घेणार नाहीस. मी बावीस वर्षांची होते. आई तर तुला आठवतही नव्हती, म्हणजे तुझ्यासाठी उरलेली मोठी मीच. मला स्वतःला उभं राहायचं होतं, आणि तुझं रडणं मला उभं राहू देत नव्हतं. पुठ्ठ्यांमागे लपवलेलं माझं पहिलंच पाकीट काढलं, एक पेटवून तुझ्या हातात दिली आणि म्हणाले, "घे. याने रडू थांबतं."

थांबलं. तू खोकलास, मग थांबलास. त्यानंतर मी तुला कधी रडताना पाहिलं नाही. तुझ्या लग्नात नाही, छोटीच्या जन्माच्या वेळी नाही. मला त्याचा अभिमान वाटायचा, काय सांगू.

साडेतीन महिन्यांपूर्वी तुझ्या बायकोचा फोन आला होता. तिच्यावर चिडू नकोस, ती चहाडी करत नव्हती, ती थकली होती. डॉक्टरांनी तुला सांगितलं ते तिने मला सांगितलं. बंद पडलेल्या लिफ्ट दुरुस्त करायलाच तुला बोलावतात, म्हणजे जिने तुझ्या नशिबीच, आणि आता तिसऱ्या मजल्यावर तुला कठड्याला धरून उभं राहावं लागतं. तू नऊ दिवस सोडली होतीस, तेही सांगितलं. नवव्या दिवशी छोटीचा पेन्सिलींचा डबा वाजला म्हणून तू तो खिडकीतून फेकलास, आणि आणायला खाली गेलास तो सिगारेट ओढत परत आलास. आणि मग सहा वर्षांच्या त्या पोरीने दुसऱ्या दिवशी सकाळी लायटर स्वतः तुझ्या हातात आणून दिला. म्हणाली, "बाबा, तुम्ही ओढा. पण रागावू नका." तुझी बायको म्हणाली की आता घरात शांतता आहे, आणि तू पुन्हा सोडणार नाहीस असं तू ठरवलं आहेस.

त्या दिवशी मी माझं पाकीट नळाखाली धरलं. जे तुला करायला सांगायचं ते आधी स्वतः करून बघावं म्हणून.

तर हे पत्र एवढ्यासाठी. तीन आठवडे रजा काढ आणि एकटा इकडे ये. माडीवरची तुझी खोली झाडून ठेवली आहे. इथे सोड. दारं आपट, मला वाटेल ते बोल, पुठ्ठे फेक, मावशी तुला पुरून उरतील. तो राग छोटीचा नाही, तुझ्या बायकोचा नाही. तो मी पेटवून तुझ्या हातात दिला होता, तो मला परत दे. आणि रागाखालचं आलं, तर मी शेजारी बसेन आणि या वेळी थांबवणार नाही. तू नाही म्हणशील, मला माहीत आहे. कामाचं सांगशील, ताई तुझं आपलं काहीतरीच असंही म्हणशील, आणि फोन ठेवून एक पेटवशील. तरी नळापाशी नवा साबण ठेवला आहे. येशील का रे?

तुझं रडू जिने अडवलं ती तुझीच,
ताई