सोनोग्राफीच्या खोलीबाहेर

९ जुलै १९९६, श्रीगोंदा

नाही जमत! आज पुन्हा छातीत धडधड. डॉक्टर मशीनवर बघतात, मला खुणावतात. बाहेर बसलेल्यांना सांगायचं काम माझं. मुलगी म्हटलं की दुसऱ्या दिवशी बाईचं पोट पाडायचं— शेजारी मीच उभी. नर्सिंगला गेले ते यासाठी?

सोडावी नोकरी. सोडून करू काय?

११ जुलै

सॅम सुप्याच्या कंपनीतून दमून आला. सांगितलं त्याला, नवऱ्यापासून काय लपवायचं. "दुसरी मिळू दे, मग सोड," म्हणाला. चिडला नाही. चिडला असता तर भांडून रडले तरी असते.

आईला काय सांगू? चर्चमध्ये ज्याला त्याला सांगते— माझी मुलगी सिस्टर आहे!

१२ जुलै

प्रार्थनेला बसले. अर्ध्यातूनच उठले, उद्याचा युनिफॉर्म धुतला.

१५ जुलै

काय करून बसले मी!

सायली— विशीतली पोर, आधीच्या दोन मुली. डॉक्टरांनी खुणावलं— मुलगी. ते हात धुवायला गेले तशी तिनं माझं मनगट धरलं. "सिस्टर, मागं पोट पाडलं तवा मरता मरता वाचले. परत न्हाई जमायचं मला."

बाहेर तिची सासू, गोजरबाई. "काय हाय वो?"

"मुलगा आहे."

तोंडातून गेलं. गेलंच! गोजरबाई माझ्याकडे बघत राहिली. मग सुनेला म्हणाली, "चल, यष्टी जाईल."

१६ जुलै

डॉक्टरांनी विचारलं, "ती बाई आली नाही?" सांगून टाकलं सगळं. उद्यापासून येणार नाही, हेही.

ते एवढंच म्हणाले, "बाळंत झाली की ते लोक तुम्हालाच शोधत येतील."

२ सप्टेंबर

नोकरी सुटली, धडधड नाही सुटली. दार वाजलं की आधी खिडकीतून बघते. आई चर्चमध्ये शेजारी बसते, पण माझ्याबद्दल कुणाला काही सांगत नाही.

सायलीला वाचवलं— की मार खायला घरी धाडलं?

१९ डिसेंबर

गोजरबाई दारात. पदराखाली तान्ही मुलगी. मी दार अर्धं लोटलं.

"भिऊ नका. तवाच वळखलं हुतं, तुमी खोटं बोलताय. मलाबी सुनेचं पोट पाडायचं नव्हतं. माज्या पोराला मीच सांगितलं, मुलगा हाय म्हनून. आता त्यानं आमाला समद्यांला घराभाईर काढलं. सायली आन् पोरी टेम्पोत बसल्यात."

सॅम चपला न घालताच टेम्पोकडे गेला, त्यांना उतरवून घ्यायला.