तिसऱ्या हिश्श्याचा पाला

१२ एप्रिल
बागसंघाच्या क्वांटसाहेबांचं दुसरं ताकीदपत्र! म्हणे, संघाच्या नियमाप्रमाणे बागेचा तिसरा हिस्सा खाण्याच्या पिकाखाली हवा, तुमच्याकडे नुसती हिरवळ. १० जुलैला तपासणी. नापास झाले तर ही भाड्याची बाग दुसऱ्याला.

नवरा, लोथार, होता तोवर तो त्या हिरवळीवर आरामखुर्ची टाकून झोपायचा, मी कुरकुरायचे. आता तो नाही. बागही गेली तर त्या चौथ्या मजल्यावर मी दिवसभर करायचं काय? भिंतींशी बोलायचं?

१३ एप्रिल
बियाण्यांच्या अदलाबदलीला गेले. सगळे गाजरं-मुळ्यांवर तुटून पडलेले. मी डोंगरी पालक घेतला — कोवळी पानं कच्ची खातात, अख्ख्या लाइपझिगात कुणाकडे नाही! देणाऱ्या ओटीलीबाई काही सांगत होत्या, पण माझी ट्राम सुटत होती.

१४ एप्रिल
हिरवळ खणून बी पेरलं. शेजारचा गेर्नोट कुंपणावरून — "रोझवीताबाई, बटाटे लावा की गपचूप!" यानं चाळीस वर्षं माळीकाम केलंय ना, बाकी सगळे अडाणी! म्हटलं, "बटाटे बाजारात मिळतात."

९ मे
उगवलं!!! वाफा हिरवागार! गेर्नोट वाकून वाकून बघत होता. बोलायला तोंड उघडलं, मग मिटलं. जळतोय मेला.

३ जून
कमरेचे बारा वाजलेत. पण गोगलगायी वाफ्याला तोंडसुद्धा लावत नाहीत. जातच अस्सल!

१० जुलै
पास!!!

क्वांटसाहेबांनी आधी घडीची पट्टी काढून कुंपण मोजलं. नियमापेक्षा दोन बोटं उंच. लिहून घेतलं. मग वाफ्यापाशी — "हे तर तण दिसतंय."

तेवढ्यात गेर्नोट न बोलावता आत. "तण? साहेब, बाहेर असं बोलू नका, लोक हसतील. फार दुर्मिळ पाला आहे!" मी तेल-शिरका घालून सॅलड करूनच ठेवलं होतं. साहेबांनी एक घास घेतला, बराच वेळ चावला. "हं... आमची आजी करायची हे." जन्मभर ट्राम चालवलेला माणूस, पण अडाणी ठरायची तयारी नाही!

गेर्नोटनं तर ताट भरून घेतलं. वर आणखी मागितलं. गुणी माणूस, मी उगाच नावं ठेवते.

११ जुलै
बढाई मारायला ओटीलीबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "उगवलं? शक्यच नाही हो. या बियाण्याला एक हिवाळा जमिनीत काढावा लागतो. पुढच्या मार्चच्या आत कोंबसुद्धा दिसायचा नाही."

वाफ्यावर जाऊन नीट पाहिलं. रानचाकवत. न पेरता कुठंही माजणारं तण!

म्हणजे गेर्नोटला ९ मेपासून माहीत होतं. आणि तरी मेल्यानं दोनदा वाढून घेऊन खाल्लं.